एफी पेलीची सहा वर्षांची म्हातारी टाकी

देवाशपथ, समुद्राशपथ आणि माझ्या गुडघ्यांत उरल्यासुरल्या ताकदीची शपथ, यातला एकूण एक शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्याने समुद्राकाठच्या आमच्या डॉगबेरी कोव्ह गावाला यावं आणि दिसेल त्या घरात शिरून विचारावं. दार वाजवू नका. आमच्याकडे दार फक्त विमावाले वाजवतात.

ऑक्टोबरचा महिना होता. वारा असा की दोरीवरचे कपडे आडवे वाळत होते. एफी पेली काठी टेकत स्नूकबाईंच्या जिन्यावरून वर आली आणि दार न वाजवताच आत शिरली.

स्नूकबाई म्हणजे ड्रुसिला स्नूक. तीस वर्षं विमा कंपनीत नुकसान तपासायचं काम केलं. निवृत्त झाल्यावर तेच काम सुरू ठेवलं, फक्त बाजू बदलली. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, हातात कायम अर्धवट विणलेला मोजा. आजवर त्यांचा एकही मोजा पुरा झालेला कुणी पाहिला नाही.

त्यांच्यासोबत असायचा चेस व्होकी, त्यांच्या गेलेल्या बहिणीचा नवरा. फेरीबोटीवर गाड्या लावण्यात त्याचं आयुष्य गेलं. आता बाईंची गाडी चालवायचा. डोकं वाईट नव्हतं त्याचं, पण थंडीतल्या इंजिनासारखं गरम व्हायला वेळ घ्यायचं.

"बसा," स्नूकबाई म्हणाल्या. "कोण गेलं?"

"टाकी गेली," एफी म्हणाली. "आता तिच्यामागोमाग घर जाणार."

"तेलाची?"

"मग काय दुधाची? परसातली. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचं तेल भरतो ती. गेल्या महिन्यात आमच्या खालच्या घरात, विन्स हाइन्सच्या विहिरीच्या पाण्याला तेलाचा वास यायला लागला. माग काढत वर आले तर माझी टाकी. बुडाला भोकं. अर्धं तेल जमिनीत."

"किती वर्षांची टाकी?"

"सहा. माझा नवरा हेवर्ड होता तेव्हा नवी घेतली. तिचा बिल्ला आहे, नंबर आहे, कागद आहेत."

"बाहेर ठेवलेली टाकीसुद्धा पंधरा वर्षं ओढते."

"तेच म्हणतात विमावाले! म्हणे ही टाकी वीस वर्षांची आहे. म्हणे बाई, तुम्ही जुन्या टाकीला नव्याचा बिल्ला अडकवलात आणि आम्हाला फसवलंत. आता जमीन साफ करायला ते येणार नाहीत. आणि जमीन साफ झाल्याशिवाय सरकारी माणूस मला घरात राहू देणार नाही. पहिला बर्फ पडायच्या आत मी पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाला, लोर्नकडे. पोरगा चांगला आहे हो माझा, पण..."

"अल्बर्टा काही वाईट नाही," चेस म्हणाला.

"तिथे समुद्र नाही."



"खरं सांगा," स्नूकबाई म्हणाल्या, "अडकवलात का बिल्ला?"

"बाई, जूनमध्ये माझ्या खुब्याचं हाड बदललं. मला स्वतःचे मोजे चढवता येत नाहीत, मी टाक्या बदलत फिरते होय?"

"जूनमध्ये कुठे होतात?"

"सेंट जॉन्सच्या हॉस्पिटलात. पाच आठवडे. गावाने तर ठरवूनच टाकलं, एफी आता येत नाही. लोर्नने विन्सला फोन करून सांगितलंसुद्धा, घर रंगवून घ्या, विकायला बरं पडेल. जुलैत परत येऊन बघते तर माझं हिरवं घर पिवळंधम्मक. पुढची बाजू गावाने रंगवली, मागची एकट्या विन्सने."

"टाकीही पिवळी?"

"म्हणजे काय! घराचा जो रंग तोच टाकीचा. डब्यात उरलेला रंग दुसरं कुठे लावायचा?"

स्नूकबाईंनी मोजा पिशवीत घातला. याचा अर्थ त्यांनी काम घेतलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डॉगबेरी कोव्हला आले. एफीचं घर उतारावर, त्याखाली विन्सचं, त्याखाली विन्सची बोट आणि मग समुद्र. टाकी परसात भिंतीला लागून होती. आडवी, सपाट पाठीची, चार लोखंडी पायांवर उभी, एखाद्या पिवळ्या डुकरासारखी. तेल उपसून नेलं होतं. विमावाल्यांनी भोवती दोरी बांधली होती. स्नूकबाई दोरीखालून वाकून आत गेल्या.

आधी त्यांनी हवेची नळी पाहिली. तेल भरताना आतली हवा जिथून शिट्टी वाजवत बाहेर पडते ती. नळीखालचा पिवळा रंग बाळाच्या गालासारखा स्वच्छ होता.

मग त्या खाली वाकल्या. तेल भट्टीकडे नेणारी तांब्याची नळी ज्या टोकाला होती तिथलं बूड धड होतं. भोकं होती ती उलट्या टोकाला, चाळणीसारखी. उपसणाऱ्यांनी तळातला गाळ बादलीत काढून ठेवला होता. त्यात निम्मं पाणीच होतं.

"एफीबाई, उन्हाळ्यात टाकी रिकामी ठेवता?"

"मुळीच नाही! हेवर्डचा दंडक होता. उन्हाळ्यात टाकी काठोकाठ हवी. रिकामी राहिली की आतल्या हवेला घाम फुटतो, तो बुडाला बसतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून बघाल तर राणी, आतून पोखरलेली. यंदाही जुलैत आल्या आल्या भरून घेतली."

"मग एवढं पाणी आलं कुठून?" चेसने विचारलं.

"मी तेच विचारणार होते," स्नूकबाई म्हणाल्या. "आज लवकर गरम झालास, चेस. तुझी पेपरमिंटची गोळी दे बघू."

चेसच्या खिशात त्या गोळ्या कायम असायच्या, गोल, गोट्यांएवढ्या. बाईंनी एक घेतली आणि टाकीच्या सपाट पाठीवर मधोमध ठेवली. गोळी जराशी थांबली आणि गडगडत गेली ती तांब्याच्या नळीच्या उलट्या टोकाला. तिथून खाली मातीत.

"वाया गेली," चेस हळहळला.

"नाही गेली." बाईंनी पर्समधून चाकू काढला आणि टाकीच्या कडेचा रंगाचा पोपडा उचलला. चष्म्याजवळ नेला. वर पिवळा, त्याखाली पांढरा, मग लाल, मग गुलाबी आणि सगळ्यात खाली कारखान्याचा काळा.

"केकचा तुकडा दिसतोय," चेस म्हणाला.

"एफीबाई, पिवळ्याआधी तुमचं घर कुठल्या रंगाचं होतं?"

"हिरवं."

"त्याच्याआधी?"

"हिरवंच. मी लग्न करून आले तेव्हापासून. हेवर्डला दुसरा रंग दिसतच नव्हता. नवी टाकी बसवली त्याच आठवड्यात तिलाही हिरवी करून मोकळा झाला."

बाईंनी पोपडा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

"रोज इथे कोण येतं?"

"कोण येणार? विन्स. मी परत आल्यापासून रोज सकाळी मागून एक चक्कर मारून जातो. चांगला शेजारी आहे. चाळीस वर्षं झाली."

*

टाकी बसवली होती रेक्स नोजवर्दीने. गावचा फिटर, बोलायला करवतीसारखा. त्याच्या शेडमध्ये शिरताच चेस म्हणाला, "जुनी टाकी रंगवून नवी म्हणून विकलीस ना रे?"

"चेस, तू बाहेर जाऊन गाडीशी बोल," स्नूकबाई म्हणाल्या.

पण रेक्स पेटला होता. "मी? हेवर्ड पेलीला? माझ्या लग्नात त्याने अकॉर्डियन वाजवलं! कारखान्यातून आलेली टाकी त्याच्यासमोर खोक्यातून काढली. आणि मला कुणी विचारलं का? दोरी बांधून बसलेत. टाकीच्या जवळ जाऊ देत नाहीत."

"तुम्ही टाकी कशी बसवता?"

"नीट बसवतो! तांब्याच्या नळीकडचे दोन पाय बोटभर आखूड कापतो. टाकी नळीकडे कलती राहते. पाणी साचलंच तर नळीशी येतं, गाळणीत पडतं, वर्षातून एकदा काढून टाकायचं. सपाट ठेवली किंवा उलटी कलली की पाणी मागच्या टोकाला तळं करून बसतं आणि पत्रा खातं. या बेटावर कुठेही जा, आखूड पाय दिसले की समजा टाकी रेक्सची."

"पाय टाकीला जोडलेले?"

"घट्ट. टाकी जिथे जाईल तिथे पाय जातील."

"या वर्षी काम बरंच होतं म्हणे?"

"विचारू नका. वसंतात विमावाल्यांनी म्हाताऱ्या टाक्यांच्या मालकांना पत्रं धाडली. टाकी बदला, नाहीतर विमा बंद. एकट्या डॉगबेरी कोव्हमध्ये अकरा बदलल्या. माझी पाठ गेली कामातून."

बाहेर आल्यावर चेस म्हणाला, "माणूस खरा वाटतो."

"आत गेलास तेव्हा चोर वाटत होता."

"तेव्हा तो बोलला नव्हता."

*

दोघं परत आले तेव्हा तेलाचा टँकर विन्सच्या दारात उभा होता. टँकरवाला गारलंड हिस्कॉक जाड नळी ओढत परसाकडे निघाला होता. आणि विन्स हाइन्स त्याच्यामागून बोलत चालला होता. विन्स उंच, वाकलेला, डोक्यावर झोपेतही न उतरणारी टोपी. तीस वर्षं मासेमारीच्या मोठ्या बोटींच्या इंजिनखोलीत काढलेली.

"याला विचारा!" स्नूकबाईंना बघताच तो ओरडला. "जुलैत यानेच भरली एफीची टाकी. भसाभसा ओतलं असणार, वर आलं असणार! माझ्या विहिरीचं वाटोळं केलं याने!"

"विन्सकाका, मी बारा वर्षं टाक्या भरतोय," गारलंड शांतपणे म्हणाला. "शिट्टी वाजते तोवर भरायचं, थांबली की हात थांबवायचा. थेंब सांडला नाही."

"एफीबाईंची शिट्टी वाजली होती?" स्नूकबाईंनी विचारलं.

"वाजली हो. पण घोगरी. एरवी मावशीची शिट्टी म्हणजे..." त्याने शब्द शोधला. "चहाची किटली उकळते ना, तशी. यंदा खोकलेल्या म्हाताऱ्यासारखी वाजली. म्हटलं, नळीत कोळ्याने घर केलं असेल."

त्याने विन्सच्या टाकीला नळी जोडली. ही टाकी पांढरी, विन्सच्या घरासारखी. घराला प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या, आता बहुतेक घरांना असतात तशा. गारलंडने खटका ओढला आणि शिट्टी सुरू झाली, बारीक, लांबलचक, गोड.

वरच्या घराची खिडकी धाडकन उघडली. एफीचं डोकं बाहेर आलं.

"गारलंड! डोकं फिरलं का तुझं? फुटक्या टाकीत काय ओततोस?"

"मावशी, मी खाली आहे, विन्सकाकांकडे!"

"अगोबाई!" म्हणत एफीने खिडकी लावली.

चेस खो खो हसला. गारलंड हसला. विन्स हसला नाही. स्नूकबाई टाकीच्या पायांकडे बघत होत्या.

"चहा मिळेल का, विन्स?" त्यांनी विचारलं.

*

विन्सची बायको मिल्ड्रेड ही एक वेगळीच चीज. तिला एक प्रश्न विचारला की दहा उत्तरं मिळतात आणि अकरावं बशीत घालून देते. तिने तळलेल्या पिठाच्या जाड पोळ्या काकवी घालून पुढे ठेवल्या. जराशा कच्च्याच होत्या, पण चेसने चार खाल्ल्या.

"घर छान आहे," स्नूकबाई म्हणाल्या. "पांढरं, स्वच्छ."

"कसलं छान! हॉस्पिटलासारखं दिसतं. मला नकोच होत्या त्या पट्ट्या. माझ्या पन्नाशीला काय सुंदर गुलाबी रंगवून दिलं होतं विन्सने. माझ्यासाठी! टाकीसकट! अख्खा कोव्ह हसला. बोटीवरची माणसं याला गुलाबबाई म्हणायला लागली. मग काय, पुढच्याच उन्हाळ्यात लाल केलं. आणि मग या पांढऱ्या पट्ट्या आल्या."

"मिल्ड्रेड, लोकांना कामं आहेत," विन्स म्हणाला.

"चहा पितायत ना? तुलाच घाई. जूनमध्ये चर्चच्या जेवणाला अख्खं गाव गेलं, तर हा घरात. म्हणे पाठ धरली. मी एकटी गेले, खारं मांस आणि कोबीचं ताट झाकून घरी आणलं याच्यासाठी. बघते तर हा घामाने निथळतोय. पाठदुखीला घाम येतो का हो?"

"येतो कधीकधी," स्नूकबाई म्हणाल्या. "विमावाल्यांचं पत्र तुम्हालाही आलं असेल? टाकीचं?"

"नाही बाई. आमची टाकी चांगली आहे म्हणाला विन्स."

विन्स उठून खिडकीशी गेला आणि बोटीकडे बघत राहिला.

गाडीत बसल्यावर चेस म्हणाला, "मला काही कळलं नाही, पण पोळ्या बऱ्या होत्या."

"चेस, आज मी बघितलं ते सगळं तूही बघितलंस. उद्या दुपारी सगळ्यांना एफीच्या परसात बोलाव. खुर्च्या आण."

*

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. ऊन होतं, ऑक्टोबरातलं पातळ ऊन. परसात सात खुर्च्या, मध्ये चहाची किटली. एफी शालीत, रेक्स हाताची घडी घालून, गारलंड, विन्स, मिल्ड्रेड, आणि विमा कंपनीचा एक तरुण माणूस, बुटांना चिखल लागू नये म्हणून पाय वर धरून बसलेला. स्नूकबाई उभ्या राहिल्या. चेससाठी खुर्ची होती, पण तो दोरीला टेकून उभा राहिला, बाईंचा माणूस शोभावा म्हणून.

"आधी गारलंड," बाई म्हणाल्या. "टाकी जास्त भरली असती तर तेल हवेच्या नळीतून वर आलं असतं. नळीखालचा रंग नवा आहे. त्यावर एक ओघळ नाही. तेल वरून सांडलं नाही, बुडातून गेलं. गारलंड सुटला."

गारलंडने श्वास सोडला.

"आता रेक्स. यांनी सहा वर्षांपूर्वी जुनी टाकी नवी म्हणून दिली, असं विमावाल्यांना वाटतं."

"चेसलाही वाटत होतं," रेक्स म्हणाला.

"चेसला सगळेच चोर वाटतात. पण हेवर्ड पेलीने टाकी आली त्याच आठवड्यात ती हिरवी रंगवली. तेव्हा या टाकीवर कुठेतरी हिरवा थर हवा." त्यांनी कागदातला पोपडा विमावाल्याच्या हातात ठेवला. "पिवळा. पांढरा. लाल. गुलाबी. काळा. हिरवा शोधा."

विमावाल्याने पोपडा उन्हात धरला, उलटा करून पाहिला. "हिरवा नाही."

"नाही. म्हणजे हेवर्डने ही टाकी कधी पाहिलीच नाही. ही एफीबाईंची नाहीच. रेक्सची टाकी नळीकडे कलते, हिच्यावर गोळी उलटी गेली. एफीबाई दर उन्हाळ्यात टाकी भरून ठेवतात, हिच्या पोटात कित्येक रिकाम्या उन्हाळ्यांचं पाणी निघालं. ते मागच्या टोकाला साचलं, आणि भोकं तिथेच पडली. टाकी बदलली गेली. कधी? पिवळा रंग लागायच्या आधी. एफीबाई हॉस्पिटलात होत्या त्या पाच आठवड्यांत. नव्या टाकीचा बिल्ला तेवढा काढून हिच्यावर अडकवला. वरून पिवळा रंग, तोही गंज खरवडून. त्या गंजानेच बुडाला धरून ठेवलं होतं बिचाऱ्याने. जुलैत काठोकाठ भरली आणि बुडाने हात टेकले."

"मग माझी टाकी कुठे आहे?" एफीने विचारलं.

"काल तुम्हीच सांगितलंत."

"मी?"

"खिडकी उघडून. सहा वर्षं जी शिट्टी ऐकली ती कानाने ओळखली तुमच्या. फक्त ती खालून येत होती."

  मिल्ड्रेडच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उडत गेला.

"गुलाबी," ती म्हणाली. "गुलाबी, लाल, पांढरा."

"हो. त्याच क्रमाने," स्नूकबाई म्हणाल्या. "गुलाबी टाकी या कोव्हमध्ये एकच होती."

"कुणीही करू शकतं," विन्स म्हणाला.  "एवढी जड टाकी..."

"आमच्याकडे अख्खी घरं ओंडक्यांवरून ओढत नेतात, विन्स. टाकी रिकामी केली की काय जड? नवी उतारावरून खाली आली, जुनी तुझ्या बोटीच्या रहाटाने, वर कप्पी बांधून, ओढून घेतली. तांब्याच्या नळ्या जोडायला तुला काय, इंजिनखोलीत तीस वर्षं काढलेली. आणि दिवस निवडलास चर्चच्या जेवणाचा, गावात कुत्रं नव्हतं तेव्हा. तुझ्या टाकीचे नळीकडचे पाय मी काल पाहिले. बोटभर आखूड आहेत."

"पांढरी आहे माझी टाकी!"

मिल्ड्रेड उठली.  स्नूकबाईंच्या हातातला चाकू तिने काढून घेतला आणि उतारावरून खाली गेली. सगळ्यांनी बघितलं. तिने आपल्या पांढऱ्या टाकीच्या कडेला चाकू घासला, एकदा, दोनदा. मग ती बाजूला झाली.

पांढऱ्यात हाताच्या पंजाएवढं हिरवं उघडं पडलं होतं. हेवर्डचं हिरवं.

ती परत वर आली तेव्हा विन्सने टोपी काढली होती. तो टकला आहे हे गावाला त्या दिवशी कळलं.

"पत्र आलं होतं," तो म्हणाला. "टाकी वीसच्या वर झाली, बदला. मी मिल्ड्रेडला दाखवलं नाही. आज बघू, उद्या बघू... आणि इथे नवीकोरी टाकी रिकाम्या घराला टेकून उभी. लोर्न घर विकणार म्हणाला. उन्हाळ्यात पंधरा दिवस येणारी शहरातली माणसं घेतील, त्यांना भट्टीही पेटवावी लागणार नाही. टाकी जुनी काय, नवी काय." त्याने पहिल्यांदाच एफीकडे पाहिलं. "मला वाटलं तू येत नाहीस, एफी."

एफीचा राग टाकीवरून उठला आणि त्या वाक्यावर जाऊन बसला.

"चाळीस वर्षं शेजारी राहिलास," ती म्हणाली. "आणि तुला वाटलं मी जाईन?"

"सगळ्यांनाच वाटलं."

"सगळे माझ्या कुंपणाला लागून राहत नाहीत."

"तू आलीस तेव्हा सांगणार होतो. काठी टेकत आलीस, हातात हॉस्पिटलची पिशवी, आणि मला म्हणालीस, विन्स, घर छान रंगवलंस रे. कसं सांगू? रोज सकाळी येऊन बूड चाचपत होतो. एक दिवस हाताला ओलं लागलं. दुसऱ्या दिवशी माझ्याच विहिरीत वास."

"तेल उताराने जातं," चेस एकदम म्हणाला. "त्याचं त्याच्याकडेच गेलं!"

"शाबास, चेस," स्नूकबाई म्हणाल्या.

विन्स उठला. चार पावलं चालत एफीच्या खुर्चीसमोर आला. टोपी दोन्ही हातांत धरली होती, पिळून पिळून तिचा पार मोजा झाला होता.

"चुकलं माझं, एफी," तो म्हणाला. "माफ कर मला."

एफीने काठीने रिकामी खुर्ची त्याच्याकडे ढकलली. मग म्हणाली, "खुर्ची घे. चहा थंड होतोय."

विमावाल्या तरुणाने वही मिटली. त्याचे पाय एव्हाना चिखलात टेकले होते. "पेलीबाईंनी खोटं सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "त्यांचे कागद खरे आहेत, टाकी खरी आहे, फक्त ती जागेवर नाही. जमीन आम्ही साफ करू. हाइन्सांशी आमचं बोलणं वेगळं होईल."

"माझंही होईल," मिल्ड्रेड म्हणाली. त्यातलं कुठलं बोलणं विन्सला जड गेलं, ते त्याचं त्याला माहीत.

नोव्हेंबरात मोठं यंत्र आलं, परसातली माती उचलून घेऊन गेलं, नवी माती टाकून गेलं. पहिला बर्फ पडला तेव्हा एफी पेली आपल्या स्वयंपाकघरात होती आणि खिडकीतून समुद्र दिसत होता. तिची टाकी ओढूनताणून इतकी हलवलेली, की रेक्सने ती परत बसवायला नकार दिला आणि दोन्ही घरांना कोऱ्या टाक्या बसवल्या, नळीकडचे पाय आखूड. दोन्ही टाक्यांना कुठला रंग द्यायचा ते मिल्ड्रेडने ठरवलं. गुलाबी. कुणी हूं की चूं केलं नाही.

तर हे असं झालं, शब्द न् शब्द. फक्त एक गोष्ट मी पदरची घातली, ती आता कबूल करते, नाहीतर वर जाऊन माझ्या हेवर्डसमोर मान खाली घालावी लागेल.

विन्सने माफी मागितली नाही. टोपी पिळत चार पावलं आला, समोर उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं, आणि उतारावरून खाली घरी गेला. त्यानंतर आजतागायत तो रोज सकाळी येतो, माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ काढतो, टाकीच्या बुडाखालून हात फिरवून बघतो, कोरडा हात पँटला पुसतो आणि जातो. ते दोन शब्द मात्र त्याच्या घशातून निघत नाहीत. मला ऐकायचे होते, म्हणून मीच त्याच्या तोंडी घातले.

वाट बघतेय मी. घाई नाही. टाकी नवी आहे, पंधरा वर्षं सहज ओढेल.